पायाचे चौथे मेटाटार्सल आखूड आहे : कलम की फिक्सेटर?

प्रश्न
माझी मुलगी १९ वर्षांची आहे. तिच्या उजव्या पायाचे चौथे बोट लहानपणी ठीक होते, पण दहाव्या वर्षानंतर ते मागे राहिल्यासारखे दिसू लागले. बोटामागचे लांब हाड, म्हणजे मेटाटार्सल, सुमारे १८ मिलिमीटर आखूड असल्याचे एक्स-रेमध्ये दिसले. शेजारच्या हाडांवर भार येऊन तळव्याला घट्टा पडला आहे आणि फार वेळ उभे राहिल्यास तिला वेदना होतात. एका डॉक्टरांनी कमरेच्या हाडाचे कलम (तिथला तुकडा काढून आखूड हाडात बसवणे), तर दुसऱ्यांनी बाहेरून फिक्सेटर (हाडात पिना घालून पायाबाहेर बसवलेली, हळूहळू लांबवता येणारी चौकट) सुचवला आहे. आम्ही काय निवडावे?

उत्तर १ (अस्थिरोगतज्ज्ञ)
हाडाच्या टोकाकडील वाढीची पट्टी वेळेआधी बंद झाल्यामुळे बहुधा असे होते आणि मुलींमध्ये ते अधिक आढळते. कलमाने एकाच वेळी लांबी मिळते आणि हाड लवकर जुळते. परंतु रक्तवाहिन्या व चेतातंतू एकदम ताणले जात असल्याने साधारण १५ मिलिमीटरपलीकडे जाणे मला धोक्याचे वाटते. फिक्सेटरच्या पद्धतीत, जिचा पाया सोव्हिएत शल्यचिकित्सक इलिझारोव्ह यांनी सायबेरियातील कुर्गान येथे घातला, हाड कापून सुमारे आठवडाभर थांबतात आणि मग दररोज अर्धा ते एक मिलिमीटर अंतर वाढवतात, म्हणजे त्या फटीत नवे हाड तयार होते. तुमच्या मुलीसाठी मी हीच पद्धत निवडेन. मात्र लांबवताना बोटाच्या बुडाचा सांधा निखळू नये किंवा आखडू नये, यासाठी त्यातून तार घालणार का, हे अवश्य विचारा. हातापायांची आणखी हाडे आखूड असतील, तर रक्तातील कॅल्शियम, फॉस्फरस व पॅराथायरॉइड संप्रेरक आधी तपासून घ्या.

उत्तर २
मी २३ व्या वर्षी फिक्सेटर लावून घेतला होता. लांबवण्याचे काम महिन्याभरात संपले, पण नवे हाड पक्के होईपर्यंत तो आणखी अडीच महिने पायावर होता, आणि याची कल्पना मला कोणीही आधी दिली नव्हती. पिनांभोवतीची जखम रोज स्वच्छ करूनही एकदा जंतुसंसर्ग झाला. तो प्रतिजैविकांनी बरा झाला. बोट आज रांगेत आहे, तळव्याचे दुखणे गेले आहे, पण सांधा पूर्वीइतका वाकत नाही. मुलीच्या परीक्षा पाहूनच तारीख ठरवा.

प्रश्नकर्ती
मनापासून आभार. तोपर्यंत बुटात मेटाटार्सल पॅड वापरून चालेल का?

उत्तर १
अवश्य वापरा. त्याने वेदना पुरेशी कमी झाली आणि मुलीला दिसण्याचे काही वाटत नसेल, तर शस्त्रक्रियेची घाई करू नका.