मदत हवी आहे : लिलावातील रेकॉर्ड पहिल्या आवृत्तीची आहे हे कसे ओळखावे?

सर्व जाणकारांना नमस्कार. मी सोलापूरचा असून गेली तीन वर्षे ऑनलाइन लिलावांतून रॉक संगीताच्या जुन्या रेकॉर्ड जमवतो आहे. सध्या एका विक्रेत्याने पिंक फ्लॉइडच्या १९७३ सालच्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’ची प्रत पहिली ब्रिटिश आवृत्ती म्हणून लिलावात ठेवली आहे. त्या आवृत्तीच्या हार्वेस्ट कंपनीच्या लेबलवर (रेकॉर्डच्या मध्यभागी चिकटवलेल्या गोल कागदावर) भरीव निळा त्रिकोण असतो, नंतरच्या प्रतींवर त्याची केवळ बाह्यरेषा दिसते. छायाचित्रात त्रिकोण भरीव आहे. परंतु तो एकापेक्षा अधिक छपायांत वापरला गेल्यामुळे निर्णय लेबलाभोवतीच्या गुळगुळीत पट्ट्यात कोरलेल्या मॅट्रिक्स क्रमांकावर (छपाई कोणत्या साच्यातून झाली हे सांगणाऱ्या खुणेवर) अडला आहे, आणि तोच नेमका चकाकीत वाचता येत नाही. विक्रेत्याकडे कोणत्या कोनातून, कशा उजेडात काढलेले छायाचित्र मागावे?

दुसरी अडचण उन्हाची. गेल्या मे महिन्यात मागवलेली रेकॉर्ड पापडासारखी वाकून आली (सोलापुरी चादरीत गुंडाळून पाठवा, असे परदेशात सांगायचे तरी कोणाला!). म्हणून ही रेकॉर्ड जिंकल्यास ती पावसाळ्यापर्यंत विक्रेत्याकडेच ठेवून घ्यावी, की मुंबईतील परिचितांच्या पत्त्यावर मागवावी? लिलाव रविवारी रात्री संपतो, त्यापूर्वी अनुभवींनी कृपया कळवावे.