टाऊन हॉल म्युझियमला फास्टर फेणे कशाला?

पेठेतला_गडी: काल कुणीतरी पोस्ट टाकलीय, आपल्या कोल्हापूरच्या टाऊन हॉल म्युझियममध्ये भा. रा. भागवतांच्या गोष्टींतल्या फास्टर फेणेचं दालन करा म्हणे, सायकल ठेवा, चौकड्यांचा शर्ट ठेवा, बटण दाबलं की 'ट्टॉक्'. डोस्कंच फिरलं. भावा, तिथं इथल्याच ब्रह्मपुरीच्या उत्खननातला ब्राँझचा पोसायडन हाय, ग्रीकांचा समुद्रदेव, रोमन व्यापाराची खूण, इवलीशी मूर्ती, तिच्यासमोर कोण दोन मिनिटं थांबत न्हाई. शेजारी दुकानातनं आणलेली सायकल ठेवणार? कुणाची म्हणून?

शाहूपुरीकर: न्यूयॉर्कच्या पब्लिक लायब्ररीत विनी द पू, गोष्टीतलं अस्वल, काचेत बसवलाय. तो तरी कुठं खरा होता?

पेठेतला_गडी: काका, ती पूच्या लेखकाच्या पोराची, ख्रिस्तोफर रॉबिनची, खरी खेळणी हायत, पोरानं खेळून खेळून झिजवलेली. त्यातला रू, कांगारूचं पिल्लू, १९३०च्या दशकात सफरचंदाच्या बागेत हरवला, तो आजही तिथं न्हाई. १९९८ला ब्रिटनच्या एक खासदार बाई ती खेळणी परत मागत होत्या. दुकानातल्या सायकलीसाठी कोण भांडंल?

तांबडा_पांढरा: आणि फेणे फुरसुंगीचा, शिकला पुण्यात. करू देत की पुणेकरांना. राजारामपुरीत नट-चित्रकार चंद्रकांत मांडरेंचं कलादालन हाय, किती जण गेलाय सांगा आधी.

आईसाहेब_राजारामपुरी: दालन राहू दे, पुस्तकं कुठं मिळतात ते सांगा. लेकीला घेऊन एका वाचनालयात गेले तर बालसाहित्याचं कपाट कुलूपबंद आणि किल्लीवाले जेवायला गेलेले. पोरगी काचेला नाक लावून भागवतांच्या पुस्तकांची नावं वाचत बसली. झालं की म्युझियम!

ग्रंथपाल_नको_म्हणू: ताई, एकदा आमच्या बाजूनं बघा. चित्रांची पानं ब्लेडनं कापून पुस्तक परत येतं, वर आई म्हणते आधीच तसं होतं. भरपाई कोण करणार, आमच्या पगारातनं?

आईसाहेब_राजारामपुरी: मग सगळ्यांनाच चोर ठरवा! आमच्या लहानपणी खालच्या फळीवर पुस्तकं असायची, मांडी घालून तिथंच वाचायचो, कोण वसकन अंगावर यायचं न्हाई.

ग्रंथपाल_नको_म्हणू: तेव्हाची पोरं पण तशी होती.

तांबडा_पांढरा: आता पोरांवर घसरू नकोस हां.

शाहूपुरीकर: विषय कुठं चाललाय? गडी, खऱ्याच वस्तू पाहिजेत ना तुला? भागवतांचं हस्तलिखित, पुस्तकांतली मूळ चित्रं, जुन्या आवृत्त्या मिळवून ठेवल्या तर?

पेठेतला_गडी: मिळाली तर तिकीट काढून येतो की. पण ते 'ट्टॉक्'चं बटण नको, आठवड्यात बिघडंल आणि 'दुरुस्तीसाठी बंद'चा कागद तेवढा जन्मभर टिकंल.

ग्रंथपाल_नको_म्हणू: ताई, मेसेज केलाय. आमच्या वाचनालयात संध्याकाळी या, कपाट उघडून देतो. ब्लेड घरी ठेवून या.