सल्ला हवा: फेडोरा ४२, कुडा १२.८ आणि जीसीसी १५ यांचा मेळ कसा घालावा?

प्रश्न

नमस्कार. प्रथिनांच्या सिम्युलेशनसाठी मला ग्रोमॅक्स २०२५ जीपीयूसह (ग्राफिक्स कार्डाच्या आधारासह) बिल्ड करायचे, म्हणजे मूळ कोडवरून बनवायचे आहे. यंत्रावर फेडोरा ४२ (लिनक्स) असून कार्ड जीटीएक्स १०८० टीआय आहे. कुडा टूलकिट १२.८ (एनव्हिडियाच्या कार्डांवर गणिते चालवण्याची साधने) बसवले आहे, परंतु सीमेक (बिल्डची मांडणी करणारे साधन) सुरुवातीलाच थांबते आणि ‘अनसपोर्टेड जीएनयू व्हर्जन’ असा एरर देऊन १४ च्या पुढचे जीसीसी (सी++ चा कम्पायलर) चालणार नाही, असे बजावते. फेडोरा ४२ चे जीसीसी मात्र १५ आहे. शोधाशोध केल्यावर तीन उपाय दिसले: कुडा १३ घेणे, एनव्हीसीसीची (कुडाच्या कम्पायलरची) आवृत्ती-तपासणी बंद करणे किंवा संपूर्ण यंत्रणेचे जीसीसी खाली आणणे. यांपैकी कोणता मार्ग धरावा?

प्रतिसाद १

तिन्ही टाळावेत, असे माझे मत आहे. कुडा १३ जीसीसी १५ स्वीकारते हे खरे, पण मॅक्सवेल, पास्कल आणि व्होल्टा या पिढ्यांच्या कार्डांसाठी कोड तयार करण्याची सोय त्या आवृत्तीपासून काढून टाकली आहे. आपले कार्ड पास्कल पिढीचे आहे, तेव्हा १२ ची मालिका हीच आपली हद्द.

तपासणी बंद करण्याबाबत थोडे सविस्तर लिहितो. एनव्हीसीसी सीपीयूवर चालणारा भाग जीसीसीकडे सोपवतो आणि जीपीयूवर चालणारा भाग स्वतःकडे ठेवतो. परंतु हे दोन भाग वेगळे करण्यासाठी जीसीसीबरोबर येणारी सी++ ची हेडर (घोषणांच्या फाइली) त्याला आधी स्वतः वाचावी लागतात. जीसीसीच्या प्रत्येक मोठ्या आवृत्तीत या हेडरांमध्ये नवनव्या रचना येतात आणि त्या जुन्या एनव्हीसीसीच्या ओळखीच्या नसतात. तपासणी बंद केल्याने त्याला त्या समजू लागत नाहीत, फक्त धोक्याची पाटी उतरते. त्या एररच्याच मजकुरात पुढे असेही म्हटलेले असते की, हा पर्याय वापरल्यास बिल्ड फसू शकते किंवा प्रोग्राम चुकीचा चालू शकतो. बिल्ड फसले तर निदान कळते. ज्या आकड्यांवर आपला शोधनिबंध उभा राहणार, ते गुपचूप चुकणे परवडणारे नाही.

यंत्रणेचे जीसीसी बदलणे तर नकोच, कारण कर्नल अद्ययावत झाला की एनव्हिडियाचे ड्रायव्हर-मॉड्यूल नव्याने बांधले जाते आणि ते कर्नल ज्या कम्पायलरने बनला त्याच कम्पायलरने बांधले जाणे इष्ट असते.

फेडोरात जीसीसी १४ चे वेगळे पॅकेज मिळते. ते आणि त्याचे सी++ पॅकेज १५ च्या शेजारी बसवा. मग सीमेकला ‘सीमेक कुडा होस्ट कम्पायलर’ आणि ‘सीमेक सीएक्सएक्स कम्पायलर’ या दोन्ही चलांमध्ये जी++-१४ चा मार्ग द्या. एकच बदलून दुसरा १५ वर ठेवू नका, नाहीतर लिंक करताना वेगळीच भानगड उभी राहील. जुनी बिल्ड डिरेक्टरी आधी पुसून टाका. सीमेक पहिल्या वेळी सापडलेला कम्पायलर लक्षात ठेवते.

धागाकर्ता

सविस्तर उत्तराबद्दल आभारी आहे. सांगितल्याप्रमाणे केले. पहिला एरर गेला, पण आता कुडाच्या गणिती फंक्शनांच्या हेडरमध्ये ‘कॉसपाय’ आणि ‘साइनपाय’ यांची घोषणा आधीच्या घोषणेशी जुळत नाही, असा एरर येतो. जीसीसी १४ च वापरले जात आहे, याची खात्री केली आहे.

प्रतिसाद २

यात जीसीसीचा दोष नाही. फेडोरा ४२ मध्ये जीलिबसी (यंत्रणेची सी लायब्ररी) २.४१ आहे आणि त्या आवृत्तीत ही फंक्शने प्रथमच आली. कुडात याच नावांची फंक्शने पूर्वीपासून आहेत. मात्र जीलिबसीच्या घोषणेत ‘नोएक्सेप्ट’ (फंक्शन अपवाद फेकणार नाही, अशी खूण) आहे आणि कुडाच्या घोषणेत नाही. त्या हेडरमध्ये चार घोषणा आहेत, दोन डबलसाठी आणि दोन फ्लोटसाठी. चारही ठिकाणी ‘नोएक्सेप्ट’ जोडले की बिल्ड पुढे सरकते.

प्रतिसाद १

दुरुस्ती बरोबर आहे, पण टूलकिटच्या पुढच्या अपडेटमध्ये ती पुसली जाईल आणि सहा महिन्यांनी तेव्हा काय केले होते, हे कोणालाच आठवणार नाही. जीसीसीपुरता प्रश्न होता तोवर दुसरा कम्पायलर पुरेसा होता. आता सी लायब्ररीही आड येत असल्यामुळे माझा सल्ला कंटेनरचा, म्हणजे स्वतःची साधने आणि लायब्ररी असलेल्या वेगळ्या कप्प्याचा राहील.

एनव्हिडियाची उबुंटू २४.०४ वर आधारलेली कुडा १२.८ ची ‘डेव्हल’ प्रतिमा (कंटेनरचा तयार साचा) घ्या (‘रनटाइम’ प्रतिमेत एनव्हीसीसी नसतो). तिच्यात जीसीसी १३ आणि जीलिबसी २.३९ येते, म्हणजे दोन्ही तक्रारी मुळातूनच मिटतात. २२.०४ ची प्रतिमा घेऊ नका. तिथले सीमेक ३.२२ आहे आणि ग्रोमॅक्स २०२५ ला किमान ३.२८ लागते. बिल्ड करताना कंटेनरला कार्ड दिसण्याची गरज नसते, चालवताना मात्र असते. त्यासाठी यजमान यंत्रावर एनव्हिडियाचे कंटेनर टूलकिट बसवा. कंटेनर चालवायला पॉडमॅन वापरत असाल तर एसईलिनक्स (फेडोराची सुरक्षा-यंत्रणा) आडवे येण्याची शक्यता आहे. तेवढ्या कंटेनरपुरते त्याचे लेबल बंद ठेवा, संपूर्ण यंत्रणेचे नव्हे. शेवटी ‘मेक चेक’ (ग्रोमॅक्सच्या चाचण्या) अवश्य चालवा.

धागाकर्ता

कंटेनरमध्ये बिल्ड झाले आणि ‘मेक चेक’ही निर्विघ्न पार पडले. एक शंका उरते: आत ‘एनव्हिडिया-एसएमआय’ (कार्ड आणि ड्रायव्हरची माहिती दाखवणारी आज्ञा) चालवल्यावर कुडा १३.० दिसते. चुकीची प्रतिमा तर घेतली नाही ना?

प्रतिसाद १

नाही. तो आकडा ड्रायव्हर जास्तीत जास्त कोणती कुडा चालवू शकतो, एवढेच सांगतो. टूलकिटची आवृत्ती ‘एनव्हीसीसी व्हर्जन’ विचारल्यावर कळते. १३.० दिसत आहे, म्हणजे आपला ड्रायव्हर ५८० मालिकेतला असावा. पास्कल कार्डांना चालणारी ती शेवटचीच मालिका आहे, म्हणून पुढचा फेडोरा अपडेट घेण्यापूर्वी ड्रायव्हरची पॅकेजे त्याच मालिकेवर रोखून ठेवा. ड्रायव्हर यजमान यंत्रावरचा वापरला जातो, त्यामुळे कंटेनर त्यापासून वाचवू शकत नाही.