अनुभव धागा: मुलांच्या क्लासचा खर्च तुमच्या घरात कशावर ठरतो?

परवा जुना हिशेब चाळताना लक्षात आलं, थोरलीच्या क्लासवर गेले त्याच्या निम्मेही पैसे धाकट्यावर गेले नाहीत. मुद्दाम दुजाभाव केला नव्हता. व्हायोलिन मुलाच्या मापाचं लागतं: पाव, अर्धं, पाऊण, मग पूर्ण. थोरलीला दर वेळी नवं घेतलं. धाकटा सात वर्षांचा झाला तेव्हा अर्धं कपाटावर पडूनच होतं, म्हणून तोही व्हायोलिनलाच. त्याला ड्रम शिकायचे होते, हे तीन वर्षांनी कळलं. तुमच्याकडे काय? मोकळेपणाने लिहा.

– आमच्याकडे घड्याळावर. शाळा तीनला सुटते, आम्ही दोघं सहाला घरी. मधल्या वेळात पोहणं आणि चित्रकला. फी कलेची भरतो की सांभाळण्याची, मलाच सांगता येणार नाही. शाळेबरोबर क्लासलाही सुट्टी लागली की आमची जी तारांबळ उडते, त्यावरून काय ते समजा.

– मी एकटी कमावती. बुद्धिबळाच्या सरांनी फी माफ केली होती, तरी महिन्याभरात लेकाला काढावं लागलं. फीचं नडलं नाही, ने-आण कोण करणार इथे अडलं. पैशाची अडचण सांगितली की लोक मदत करतात. रोज साडेपाचला मोकळं कोण असतं?

– मुलांचं माहीत नाही, माझं सांगते. भावाला कोच, बॅट, पॅड, सगळं. मला 'तू घरीच किती छान गातेस!'

– १९७३ मध्ये गॅरी बेकर आणि ग्रेग लुईस या अर्थतज्ज्ञांनी मांडलं होतं की मुलं कमी तशी आईवडील एकेकावर जास्त खर्च करतात. परीक्षेसाठी पाठ केलं होतं. आता एकुलत्या एकाचे चार क्लास आहेत. चौथा कशाचा, हे लिहिताना आठवावं लागलं.

– नातीच्या नृत्याची फी मी भरतो. मुलगा-सून नको म्हणत होते. वर्षभरात ती कंटाळली, पण आजोबा पैसे भरतात म्हणून कुणी बोलेना. शेवटी आमच्या हिने सगळ्यांदेखत सांगितलं, "नाच ह्यांचा राहिलाय, तिचा नाही."

– आजोबा, तुम्हीच नाव घाला की क्लासला! (धागा काढणारी मीच.) पाऊण मापाचं व्हायोलिन विकायला काढलंय. धाकट्याला अजून सांगितलेलं नाही.