ओबामा दोनदा निवडून आला म्हणजे गोरा मतदार खरं बोलतो?

जर्सीकर
परवा इथे एकाने लिहिलं की अमेरिकेत गोरे लोक रंग बघून मत देतात हा हरणाऱ्यांचा कांगावा आहे, ओबामा दोनदा आला, विषय संपला. डोकंच फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय. १९८२, कॅलिफोर्निया. टॉम ब्रॅडली, लॉस एंजेलिसचा कृष्णवर्णीय महापौर, गव्हर्नरपदाला, म्हणजे राज्याच्या निवडून येणाऱ्या प्रमुखपदाला उभा. सर्व्हेत पुढे, मत देऊन बाहेर पडलेल्यांना विचारलं तरी पुढे, आणि मोजणीत सुमारे ९३ हजार मतांनी पडला. १९८९ ला व्हर्जिनियात डग्लस वाइल्डर, तोही कृष्णवर्णीय, गव्हर्नरपदालाच उभा, एक्झिट पोलमध्ये तब्बल दहा टक्के पुढे, आणि जिंकला किती मतांनी? सात हजारसुद्धा नाही. कागद घेऊन समोर उभ्या असलेल्या माणसाला तोंडावर कोण सांगणार की मला काळा गव्हर्नर नको? तेच आतमध्ये पडद्याआड बरोबर सांगतात.

गणिती_बाळ
ब्रॅडलीची गोष्ट सगळे अर्धीच सांगतात. त्या वर्षी ब्रॅडलीच्या विरोधातल्या रिपब्लिकनांनी पोस्टाने मतं गोळा करायची जोरदार मोहीम काढली होती. मतदानाच्या दिवशी केंद्रावर जी मतं पडली त्यात ब्रॅडली पुढेच होता, हरला तो पोस्टाच्या मतांत, आणि एक्झिट पोलवाला पोस्टाने मत देणाऱ्याच्या घरी जात नाही. शिवाय त्याच मतपत्रिकेवर पिस्तुलांवर निर्बंध घालायचा प्रस्ताव होता, त्यामुळे बंदूकवाले ब्रॅडलीच्या विरोधात मत द्यायला झाडून बाहेर पडले. आणि ओबामाला २००८ ला गोऱ्यांची ४३ टक्के मतं होती, २००४ ला त्याच्याच पक्षाचा अध्यक्षपदाचा उमेदवार केरी, त्याला ४१. केरी गोरा होता!

मुक्ता
बाळ, मग २०१२ ला ओबामाची ३९ वर आली ते पण सांग ना. आणि माणूस खोटं बोलतो की नाही ते तपासायची रीत आहे. १९९१ ला केलेला प्रयोग बघ. अर्ध्या लोकांना तीन गोष्टी वाचून दाखवल्या, पेट्रोलवरचा कर, खेळाडूंचे अवाच्या सवा पगार वगैरे, आणि विचारलं यातल्या *किती* गोष्टींचा राग येतो, कुठल्या ते सांगू नका. उरलेल्यांच्या यादीत एक चौथी गोष्ट घातली, शेजारी काळं कुटुंब राहायला येणं. कोणी काही कबूल करायची गरजच नाही, दोन्ही गटांच्या सरासरीतला फरक काढायचा. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या गोऱ्यांत काळ्या शेजाऱ्यांचा राग येणारे ४२ टक्के निघाले!

गणिती_बाळ
आणि दक्षिणेबाहेर जवळपास शून्य निघाले, ते का गाळलंस? ठीक आहे, दक्षिणेपुरतं मान्य. पण "गोरे मतदार" असं सरसकट लिहू नका.

जर्सीकर
उपकार झाले मान्य केल्याबद्दल. २००० साली दक्षिणेतल्याच अलाबामात आंतरवंशीय लग्नाची बंदी राज्यघटनेतून काढायला मतदान झालं, तेव्हा ४० टक्के लोकांनी ती राहू दे म्हटलं. गुप्त मतदानात.

सीमाताई
गोऱ्यांचं राहू द्या, आपल्या लोकांचं बोला. आम्ही घर बघत होतो तेव्हा काळ्यांची वस्ती असलेल्या एका भागाबद्दल मराठी मंडळातल्या एका काकूंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, तिकडे नको गं, शाळा चांगली नाही. मी रेटिंग काढून दाखवलं, उलट आम्ही घेत होतो त्या भागापेक्षा वरचं होतं. मग म्हणाल्या संध्याकाळी सेफ नसतं. मग पार्किंग. शेवटपर्यंत खरं कारण तोंडातून आलं नाही, आणि त्यांना स्वतःला तरी ते माहीत होतं का देव जाणे. मत देतानाही हेच होतं. "अनुभव कमी आहे", "बोलणं पटत नाही".

अण्णा_सॅनहोजे
ताई, काकूंच्या तोंडी तुम्ही मनाचं घालताय. चाळीस वर्षं राबून घर घेतलंय आम्ही, किमतीची काळजी केली तर लगेच रेसिस्ट? आणि काळ्यांची मतं मिळवून आपला बेळगावचा श्री ठाणेदार डेट्रॉइटमधून निवडून आलाच ना?

मुक्ता
अण्णा, पूर्ण सांगा. २०२२ च्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायच्या मतदानात, उमेदवारांची नुसती गर्दी होती, मतं फुटली, ठाणेदार २८ टक्क्यांवर आले. जवळजवळ सत्तर वर्षांनी डेट्रॉइटला काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, कृष्णवर्णीय प्रतिनिधी उरला नाही याचं तिथल्या लोकांना वाईट वाटलं. तेव्हा आपल्याच ग्रुपवर "यांना फक्त जात दिसते" असे मेसेज फिरले. आपण मात्र मराठी म्हणून पेढे वाटत होतो.

अण्णा_सॅनहोजे
आपल्या माणसाचं कौतुक करणं आणि दुसऱ्याचा द्वेष करणं एक नाही!! कुठल्या कुठे नेताय.

सीमाताई
नाही एक. पण अलाबामातला गोराही हेच म्हणतो अण्णा, आम्हाला आपली माणसं आवडतात इतकंच. त्याचं तुम्हाला पटत नाही, मग आपलं का पटावं?

गणिती_बाळ
ताईंचा हा मुद्दा मला खोडता येत नाहीये. ब्रॅडलीबद्दल मात्र मी मागे हटणार नाही, पोस्टाची मतं धरल्याशिवाय ते उदाहरण देऊ नका.

अण्णा_सॅनहोजे
माझ्या मुलीने कृष्णवर्णीय मुलाशी लग्न केलंय, मी लग्नाला उभा राहिलो, तुमच्यापैकी कितीजण राहिले असते? मला शिकवू नका.

सीमाताई
अण्णा, हे मनापासून चांगलं केलंत. पण मंडळात सांगितलंत का?

अण्णा_सॅनहोजे
सांगितलं. उशिरा सांगितलं.