क्यूओ-१०० हा हौशी रेडिओचा उपग्रह ऐकू येत नाही, मदत हवी आहे

खरखर७३९
डिश लावली, एलएनबी (डिशसमोरचा सिग्नल घेणारा डबा) लावला, डोंगल (संगणकाला लावायचा यूएसबी रेडिओ) ७३९.५ मेगाहर्ट्झवर ठेवला. नुसती खरखर. दिशा मोबाइलवरच्या होकायंत्राने बघूनच लावली आहे. दोन सुट्ट्या यात गेल्या. नक्की काय राहतंय ते कुणी सांगेल का?

तारवाला
गाव कुठलं? डिश केवढी? एलएनबी कोणता आणि त्याला वीज कुठून देताय?

खरखर७३९
पुणे. फ्री डिशवाली ६० सेंमीची डिश, तिचाच एलएनबी. वीज डोंगलच्या बायस-टीमधून (सिग्नलच्या केबलमधूनच वीज पाठवणारा भाग). त्याने काय फरक पडतो?

तारवाला
सगळा फरक त्यानेच पडतो. डोंगलचा बायस-टी ४.५ व्होल्टच्या आसपास देतो, तेवढ्यावर एलएनबी जागाच होत नाही. १३ व्होल्टला तो व्हर्टिकल (उभ्या ध्रुवणाच्या) लहरी घेतो, १८ ला हॉरिझॉन्टल (आडव्या). आपलं नॅरोबँड डाउनलिंक (उपग्रहावरून खाली येणारा, बोलण्याचा अरुंद पट्टा) व्हर्टिकल आहे. वेगळा बायस-टी घ्या, डोंगलचा बंद करा. डोंगलच्या बाजूला डीसी अडवणारा कपॅसिटर हवाच, नाहीतर डोंगल जळेल. एलएनबीवर ९७५० (आतल्या ऑसिलेटरचे मेगाहर्ट्झ) लिहिलंय ना? नुसतं १०६०० असेल तर तो चालणार नाही.

चाळीसमीटर
एवढा खटाटोप कशाला? गच्चीवर दोन्ही बाजूंना १०-१० मीटर तार ताणा, मध्ये १:१ बलून (तार आणि केबल जोडणारा ट्रान्सफॉर्मर), ७.१ मेगाहर्ट्झ, म्हणजे ४० मीटरचा बँड. संध्याकाळी अर्धा भारत ऐकू येईल.

तारवाला
त्यांनी उपग्रहाबद्दल विचारलंय. आणि शहरात एलईडी दिव्यांच्या गोंगाटात ४० मीटरवर काय ऐकू येतं ते तुम्हालाही माहीत आहे.

चाळीसमीटर
घरचा मेन स्विच पाडून बॅटरीवर ऐका, गोंगाट कुठून येतो ते लगेच कळतं. तो उपाय न करता बँडला नावं ठेवू नका.

व्हीयू_होऊ_घातलेला
आधी हौशी रेडिओचा परवाना काढा. रिस्ट्रिक्टेड ग्रेडला मोर्स लागत नाही, जनरलला मिनिटाला ८ शब्द लागतात.

खरखर७३९
मला सध्या फक्त ऐकायचं आहे. प्लीज विषयावर या.

अझिमथ२५४
व्होल्टेज बरोबर दिलं तरी अडेल, कारण स्क्यूबद्दल (एलएनबी स्वतःभोवती किती फिरवायचा त्याबद्दल) कुणी बोललंच नाही. उपग्रह २५.९ अंश पूर्वेला, म्हणजे पुण्यापासून रेखांशात ४८ अंश पश्चिमेकडे. अझिमथ (उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने मोजलेला कोन) २५४, क्षितिजापासून उंची ३२ अंश. एवढ्या बाजूला असलेल्या उपग्रहासाठी एलएनबी ६६ अंश फिरवावा लागतो: डिशच्या मागे उभे राहा, तोंड उपग्रहाकडे, मग घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने. सरळ ठेवलात तर जवळपास ८ डेसिबल जातात.

डिश ऑफसेट (एलएनबी मध्यावर नसून खाली असलेली) असते, म्हणून ३२ अंशांसाठी ती जवळजवळ उभीच दिसते. ती आकाशाकडे तोंड करून असेल तर चुकलंय. होकायंत्र लोखंडी कठड्याजवळ फसतं. सूर्य २५४ अंशांवर येतो ती वेळ बघून सावलीवरून दिशा धरा.

आणि थेट नॅरोबँड शोधू नका. आधी १८ व्होल्ट देऊन ७४१.५ च्या आसपास बघा. तिथे स्क्रीनवर टीव्ही बीकनचा (सतत चालू असणाऱ्या खुणेच्या सिग्नलचा) दीड मेगाहर्ट्झ रुंदीचा ठळक उंचवटा असतो. तो सर्वांत उंच होईपर्यंत डिश हलवा, मग १३ व्होल्ट.

तारवाला
स्क्यूचं मान्य. पण पीएलएल (क्रिस्टलवर स्थिर राहणारा) एलएनबी घ्याच. जुना, क्रिस्टल नसलेला डीआरओ उन्हात शेकडो किलोहर्ट्झ सरकतो, एसएसबी (इथे बोलणं ज्या पद्धतीने पाठवतात ती) ऐकताच येत नाही.

अझिमथ२५४
बीकन शोधायला जुनाही पुरतो, उगाच खर्च नको. पीएलएलही काही अचूक नसतो: आतला २५ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल ३९० पट होतो, त्यामुळे एक पीपीएम (दहा लाखात एक) चूक म्हणजे जवळजवळ १० किलोहर्ट्झ.

खरखर७३९
वेगळा बायस-टी लावला, एलएनबी फिरवला. १८ व्होल्टला उंचवटा दिसला! पण ७४१.५ ला नाही, ७४१.३ ला. १३ व्होल्ट दिल्यावर ७३९.७५ ला काहीच नाही.

अझिमथ२५४
मग डिश बरोबर आहे. तुमचा एलएनबी २०० किलोहर्ट्झने सरकलाय, म्हणून सगळंच तेवढं खाली आलंय. नॅरोबँडच्या मधला पीएसके बीकन (एरवी ७३९.७५ ला असणारा) ७३९.५५ ला शोधा. सापडला की सॉफ्टवेअरमध्ये ऑफसेट (फ्रिक्वेन्सीतला फरक) तेवढाच टाका आणि तोच बीकन बघत स्क्यू थोडा इकडेतिकडे करून बघा.