अनुभव धागा : भविष्यवाणी झाली होती, आणि फाशावर एक आला

मागच्या रविवारी आमच्या डी अँड डीच्या (डंजन्स अँड ड्रॅगन्स, टेबलाभोवती बसून फासे टाकत आपापलं पात्र जगायचा खेळ) कॅम्पेनमधला, म्हणजे चालू कथेतला, राजपुत्र मेला. पहिल्याच सेशनला मी, म्हणजे डीएमने (डंजन मास्टर, कथा चालवणारा), एका साधूच्या तोंडून वदवलं होतं की गेलेलं राज्य हाच परत मिळवणार. दीड वर्षाची कथा त्या एका वाक्यावर उभी. आणि एका भिकार पुलावर गॉब्लिनच्या, म्हणजे एका किरकोळ बुटक्या राक्षसाच्या, बाणाने हा पडला. डेथ सेव्ह, म्हणजे मरणाच्या दारातून वाचायला टाकायचे फासे, सुरू. वीस बाजूंच्या फाशावर १० किंवा वर आलं तर यश. तीन यशं आली की जीव वाचला, तीन अपयशं आली की खेळ खलास. पहिला रोल ७. दुसरा १, आणि १ म्हणजे एकदम दोन अपयशं. सगळे माझ्याकडे बघत बसले, जणू मी तो फासा उचलून परत देणार आहे. नाही दिला. तेव्हापासून धड झोप नाही.

१९७४ साली हा खेळ आला तेव्हा पात्रं किड्यामुंग्यांसारखी मरायची, जो वाचेल तो नायक. हल्ली आपण आधीच त्यांच्या कपाळी नायकपण लिहून मोकळे होतो. तुमच्या टेबलावर काय झालं? लिहा.

*

मी नेमकं उलटं केलं आणि पस्तावलो. डीएम फासे लपवायला पुठ्ठ्याचा आडोसा ठेवतो, त्या स्क्रीनच्या आड आठ महिने खोटे रोल सांगितले, कारण आमच्या एका मुलीचं कॅरेक्टर 'निवडलेली' होती. पोरगी हुशार. एक दिवस म्हणाली, "दादा, मी दरीत उडी मारते." का गं? "बघायचंय." मी घाईघाईने कड्यावर एक झाड उगवलं. तिने शांतपणे फासे पिशवीत भरले. "मग माझं इथे काय काम?" पुढच्या रविवारी आली नाही.

*

हे नायकपण आधीच लिहिणं कधीपासून म्हणाल तर माझं बोट १९८४ च्या ड्रॅगनलान्सकडे, डी अँड डीच्याच छापील कथामालिकेकडे. नायक तयार, कथा तयार. महत्त्वाचं पात्र मेलंच तर ते धूसर ठेवा, म्हणजे पुढे परत आणता येईल, असा सल्लाही छापलेला! त्याआधी १९७७ च्या ट्रॅव्हलर या अंतराळातल्या अशाच खेळामध्ये कॅरेक्टर बनवता बनवताच मरायचं. कसली नियती आणि कसलं काय.

*

डंजन क्रॉल क्लासिक्स हा याच जातीचा दुसरा खेळ खेळून बघा. प्रत्येकाला तीन-चार गावकरी मिळतात, शून्य लेव्हलचे, म्हणजे अगदीच कच्चे, आणि त्यांना थेट भुयारात ढकलायचं. माझा कबर खोदणारा पहिल्या दारात गेला, मधमाश्यावाला दुसऱ्या. उरला चीज बनवणारा. हातात सोटा, झोळीत वास मारणारं चीज. त्याच्यावर माझा जितका जीव आहे तितका कुठल्याच राजकन्येवर बसला नाही.

*

वॉरहॅमर या अशाच आणखी एका खेळामध्ये (१९८६ पासून) नियती म्हणजे गाठीचे पैसे. मरण टाळायचं तर एक फेट पॉइंट, म्हणजे नियतीचा गुण, कायमचा जातो. गाठ सुटली की तुम्ही साधा उंदीर पकडणारा. अर्थात बहुतेकदा तुम्ही आधीपासून तोच असता.

*

न्यू जर्सीहून. आमच्या टेबलावर मी एकटाच मराठी. बाकीच्यांच्या डोक्यात पक्कं, की भविष्यवाणी झाली म्हणजे हा जिंकणार. आपण कर्ण ऐकत वाढलेली माणसं, आपल्याला हे पटायचं कसं? मी डीएमला बाजूला घेऊन सांगितलं, माझ्या योद्ध्याला दोन शाप दे : ऐन वेळी विद्या आठवणार नाही आणि ऐन वेळी पायाखालची जमीन गिळेल. कधी ते तू ठरव, मला सांगू नकोस. दोन वर्षांनी शेवटच्या लढाईत मी मोठा मंत्र म्हणायला गेलो, तर डीएमने नुसती मान हलवली. टेबल चिडीचूप. पळायला वाव होता, पण मी तिथेच उभा राहिलो. ते मात्र माझं मी ठरवलं होतं. मेलो. घरी जाताना गाडीत एकटाच हसत होतो.

*

धागाकर्त्या, मीच तो राजपुत्र. झोप बाबा आता. चिडलो होतो, पण सोमवारपर्यंतच. नवीन कॅरेक्टर तयार आहे : तो बाण मारणारा गॉब्लिन. साधू मात्र तोच ठेव, त्याला जाब विचारायचाय.